वाळवीने कोरलेलं वाद्य

तुमचं पार्सल ऑस्ट्रेलियातल्या डार्विनहून निघालं आणि नऊ आठवड्यांनी आयर्लंडमध्ये स्लायगोला तुमच्या मामाच्या दारात पोचलं. २०२१ चा एप्रिल होता. पोस्टमनने ते लांबलचक गाठोडं भिंतीला टेकवलं, बेल दाबली आणि तो फाटकाबाहेर जाऊन उभा राहिला. तेव्हा सगळीकडे हीच रीत होती, बेल दाबायची आणि पळायचं. लहानपणी याच उद्योगासाठी आम्ही मार खाल्ला होता.

"आत प्रेत वगैरे नाही ना, मिसेस?" त्याने लांबून विचारलं.

"वाद्य आहे. नातवंडांनी पाठवलंय."

"ग्रँड."

आयर्लंडमध्ये ग्रँड म्हणजे भव्य नव्हे. चहा नको असला तरी ग्रँड, पाय मोडून प्लास्टर नीट बसलं तरी ग्रँड. मामाचे पेशंट ऑक्सिजनच्या नळीमागूनही "आय ॲम ग्रँड" म्हणत, आणि तो घरी येऊन कपाळाला हात लावत असे.

तुम्ही तेव्हा दहा आणि सात वर्षांची होतात, म्हणून आधीचं थोडं सांगते. तुमचे आजोबा आणि मी पुण्याहून मामाकडे आलो ते फेब्रुवारी २०२० मध्ये, तीन महिन्यांसाठी. मग विमानं बंद झाली. मामा इथल्या मोठ्या इस्पितळात डॉक्टर, मामी औषधांच्या कंपनीत, पण तेव्हा तिची कंपनी म्हणजे वरची खोली आणि एक लॅपटॉप. दोघांनाही वेळ नव्हता, म्हणून घराला शिस्त लावायचं काम माझ्याकडे आलं. खरं म्हणजे मी ते घेतलं. बाहेरून आलेली वस्तू तीन दिवस पोर्चमध्ये राहील, मग साबणाच्या पाण्याने पुसली जाईल, मग आत येईल. खोक्यात खोकं असेल तर आतल्या खोक्याला पुन्हा तीन दिवस. वर्षभर मी केळीसुद्धा एकेक पुसून घेतली. आणि जानेवारीत तुमच्या आजोबांना कोविड झाला. केळी अगदी स्वच्छ होती.

ते इस्पितळातून परत आले तेव्हा सगळं बरोबर घेऊन आले, चष्मा, चपला, पुस्तक, मफलर. श्वास तेवढा आणला नाही. तुमचे आजोबा पाटबंधारे खात्यातले इंजिनिअर. त्यांच्या एका वाक्याच्या सुरुवातीला मी स्वयंपाकघरात जाऊन आमटीला फोडणी देऊन आले आहे आणि परत आले तरी क्रियापद यायचं होतं. तो माणूस आता तीन शब्द बोलायचा आणि थांबायचा. "मला जरा ते…" मग छाती वरखाली. "…पांघरूण दे." जिन्याच्या मधल्या पायरीवर ते भिंतीवरचं चित्र बघत उभे राहायचे. चित्रात दोन मेंढ्या होत्या. आजोबांना मेंढ्यांची एवढी आवड कधीपासून, असं मामीने एकदा विचारलं, आणि मग तिच्याच लक्षात आलं.

फिजिओथेरपिस्टने त्यांना तीन चेंडूंचं ते प्लॅस्टिकचं यंत्र दिलं होतं. नळीतून श्वास ओढायचा आणि चेंडू वर उचलायचे. त्यांनी ते दोन दिवस केलं. मग ते यंत्र टीव्हीशेजारी शोभेला गेलं.

"धरणं बांधली मी," ते म्हणाले, "आता चेंडू… उचलू?"

दर रविवारी तुमचा व्हिडिओ कॉल आला की ते उठून आतल्या खोलीत जात. मी तुम्हाला सांगत असे की आजोबा अंघोळीला गेलेत. असे किती रविवार गेले. इतकी अंघोळ करणारा माणूस तुम्हाला संशयास्पद वाटला नाही, याचं मला अजून आश्चर्य वाटतं. मी त्यांना समजावायला गेले, तेव्हा ते म्हणाले, "मुलांनी मला… असा… ऐकू नये." मला वाद घालायची सवय आहे, पण धापेशी वाद घालता येत नाही.

तुमच्या आईने फेब्रुवारीतच तो डिजरिडूचा बेत काढला. लांब फुंकर घालून वाजवायचं वाद्य, श्वासाला चांगला व्यायाम. मामा म्हणाला, नुकसान काही नाही, दम लागला की थांबायचं आणि बोटाला ऑक्सिजन मोजायचा चिमटा लावून ठेवायचा. एवढ्यावर ते ठरलं.

पोर्चमध्ये तीन दिवस झाल्यावर मी बाहेरचं वेष्टण काढलं. आत ते वाद्य आणि एका पाकिटात तुमच्या आईची चिठ्ठी. चिठ्ठी आतली वस्तू असल्यामुळे नियमाप्रमाणे तिला आणखी तीन दिवस बाहेर ठेवलं. वाद्याकडे मात्र आजोबा आधी पोचले. खरं सांगते, पहिल्यांदा बघून माझी निराशा झाली. मला वाटलं होतं, वाद्य म्हणजे सनईसारखं सरळ, घोटलेलं, चकचकीत काहीतरी असेल. हा तर एक वाकडा ओंडका होता. एका जागी गाठ, खाली तोंड रुंद, वर मेणाची जाड कडी आणि अंगावर पांढऱ्या-तांबूस मातीच्या रंगाच्या बारीक रेघा. रेघा मात्र इतक्या सारख्या होत्या, की मला मी शाळेत शिकवायचे तेव्हाच्या माझ्या वर्गातल्या चांगल्या मुलींच्या वह्या आठवल्या.

आजोबांनी ते मांडीवर आडवं घेतलं. बोटाच्या पेराने टकटक केलं, कान लावला, थोडं पुढे सरकून परत टकटक केलं.

"भिंत सारखी नाही," ते म्हणाले. "इथे पातळ. इथे जाड. पण बघ…" थांबले. "आवाज कसा आला."

तीन महिन्यांत त्यांनी स्वतःहून कशात लक्ष घातलं ते पहिल्यांदा. मला बरं वाटलं. मग त्यांनी ते उभं केलं आणि पांढऱ्या फरशीवर चिमूटभर भुरभुरीत माती पडली.

मी टॉर्च आणून नळीत पाहिलं. आत भिंतीवर नागमोडी वाटा होत्या. या वाटा मी ओळखते. पुण्यात आमच्या पहिल्या घरात वाळवीने माझी पदवीची प्रमाणपत्रं खाल्ली होती, कपाट खाल्लं होतं आणि चौकट इतक्या सभ्यपणे पोखरली होती की बाहेरचा रंगही उडाला नव्हता. त्यानंतर चाळीस वर्षं मी वाळवीशी लढले. आणि मामाचं घर तर भाड्याचं, भिंतींच्या आत लाकडी सांगाडा. इथे वाळवी होत नाही म्हणतात. केळ्यांवर कोविड नसतो असंही म्हणत होतेच की लोक.

आजोबा दुपारी झोपले तेव्हा मी मोठ्या पातेल्यात पाणी उकळलं, त्यात मूठभर मीठ आणि चार चमचे हळद घातली आणि बाथटबमध्ये ते वाद्य उभं धरून वरून ओतलं. तीन वेळा. खालून गढूळ पिवळं पाणी आलं, ते बघून मला समाधानही वाटलं. मग टॉवेलात गुंडाळून ते हॉट प्रेसमध्ये उभं केलं. इथे कपाटाला प्रेस म्हणतात आणि गरम पाण्याच्या टाकीभोवतीच्या कपाटाला हॉट प्रेस. ज्या देशात उन्हाचा भरवसा नाही तिथे सगळ्यांचे चादरी-टॉवेल त्या कपाटात वाळतात. मला आयर्लंडमधली सगळ्यात आवडलेली गोष्ट हीच.

"वाळलं का?" आजोबा संध्याकाळी म्हणाले. मी सांगितलं होतं की फक्त पुसून ठेवलंय.

"उद्या."

दुसऱ्या दिवशी सकाळी तेच, दुपारी तेच. तिसऱ्या दिवशी चिठ्ठीची मुदत संपली. मी चष्मा लावून वाचायला बसले. तुमच्या आईचं अक्षर, मधे मधे तुमची चित्रं.

चिठ्ठीत लिहिलं होतं की हे वाद्य कुणी पोखरत नाही, वाळवी पोखरते. जंगलात जिवंत झाड उभं असतं, बाहेरून हिरवं, आतून खाल्लेलं. वाद्य बनवणारे तिथले आदिवासी आजोबा तुम्हाला बरोबर घेऊन गेले होते. ते एकेका खोडावर टिचकी मारत, कान लावत आणि पुढे जात. सकाळभरात त्यांनी एकच झाड घेतलं. साल काढली, आतली माती काठीने सारली, जरुरीपुरतं तासलं आणि वर मधमाश्यांच्या मेणाची कडी बसवली, ओठ टेकायला. पर्यटकांच्या दुकानांत यंत्राने भोक पाडलेली मिळतात, ती दिसायला सरळ असतात आणि आवाजाला मुकी. त्यांच्या काही लोकांत याला यिडाकी म्हणतात, डिजरिडू हे नाव बाहेरच्यांनी दिलेलं. पुढे लिहिलं होतं, आई, बऱ्याच ठिकाणी हे बायकांनी वाजवायचं नाही असा त्यांचा रिवाज आहे, तेवढं सांभाळ. आणि शेवटी, खाली दोनदा रेघ मारून: उन्हात, हीटरजवळ किंवा गरम पाण्यात ठेवू नये.

बायकांनी वाजवायचं नाही म्हटल्यावर मला परकं काही वाटलं नाही. आमच्या घरी महिन्यातले चार दिवस मला लोणच्याची बरणीसुद्धा परकी असायची. गरम पाण्याची गोष्ट निराळी.

मी हॉट प्रेस उघडला. मेण वितळून मामीच्या पांढऱ्या टॉवेलांवर उतरलं होतं आणि वाद्याला रुंद तोंडापासून वर वीतभर उभी चीर गेली होती. चिरेत पोस्टकार्ड मावलं असतं. लाकडाला आमटीचा रंग आला होता.

मामा नाईट ड्यूटी करून आला होता. मी त्याला तिथेच बोलावलं.

"आई, लाकडावर उकळतं पाणी?"

"पोळपाट मी चाळीस वर्षं उकळत्या पाण्याने धुतेय."

"पोळपाट बाबा वाजवत नाहीत."

"वाळवी होती."

"होती, आई. ती निघून गेली. आपलं काम करून गेली." तो टॉवेलांकडे बघत राहिला. "हे टॉवेल लग्नातले आहेत. बाबांना मी सांगू, का तू?"

"कुणीच नाही," मी म्हटलं.

शेजारी एक निवृत्त गृहस्थ राहत. त्यांनी जन्मभर लाकडी होड्या दुरुस्त केल्या होत्या आणि तरुणपणी काही वर्षं ऑस्ट्रेलियाच्या खाणींत काढली होती. मागच्या कुंपणापलीकडे त्यांची शेड होती. मी टॉवेलात गुंडाळलेलं ते वाद्य घेऊन कुंपणाशी गेले, नियमाप्रमाणे दोन मीटर सोडून.

"हिमसेल्फ कसा आहे?" त्यांनी विचारलं. दुसऱ्याच्या नवऱ्याला इथे असं म्हणतात. मी पन्नास वर्षं नवऱ्याचं नाव न घेता काढली, त्यामुळे मला यात काही शिकावं लागलं नाही.

"ते बरे आहेत. हे बरं नाही." मी टॉवेल उघडला आणि सगळं सांगितलं. हळदीसकट.

त्यांनी वास घेतला. "मी पुष्कळ प्रकारचं वार्निश पाहिलंय, मिसेस."

"दुरुस्त होईल?"

"ग्रँड होईल."

मी म्हटलं, मला खरं उत्तर हवंय. त्यांनी टोपी मागे सरकवली. "चीर बुजेल. आवाज परत येईल की नाही ते लाकूड सांगेल. डिजरिडू हा मूळचा आयरिश शब्द आहे, ठाऊक आहे?" आयरिश माणसापुढे जगातली कुठलीही गोष्ट ठेवा, ती शेवटी आयरिश निघते. पुणेकरांच्या सहवासात आयुष्य गेल्यामुळे मी मान हलवली.

त्यांनी घाई केली नाही. आधी पाच दिवस ते वाद्य शेडमधल्या थंड कोपऱ्यात नुसतं आडवं ठेवलं, लाकडाला आपलं मन बदलायला वेळ द्यायचा म्हणून. चीर आपणहून निम्मी मिटली. मग त्यांनी लाकडाचा बारीक भुसा डिंकात कालवून चिरेत भरला आणि सायकलच्या जुन्या ट्यूबच्या पट्ट्या कापून वरपासून खालपर्यंत ताणून आवळल्या. पट्ट्या निघाल्यावर होडीच्या शिडाला वापरतात तो मेण चोळलेला दोरा चिरेच्या भागावर ओळीने गुंडाळला. रेघांवर त्यांनी रंग लावला नाही. "ते माझं काम नाही," म्हणाले. "ज्याच्या आहेत त्याच्या राहू द्या." कडीसाठीचं मेण हातात मळून मऊ केलं, पण ती बसवायच्या आधी त्यांनी विचारलं, "हिमसेल्फचे ओठ केवढे?"

हा प्रश्न मला आजवर कुणी विचारला नव्हता. "बेताचे," मी म्हटलं.

"मग त्यालाच आणा."

इथे माझा बेत मोडला. दोन आठवडे मी आजोबांना सांगत होते की लाकूड पोर्चमध्ये वाळतंय. मला भीती रागाची नव्हती. एवढ्या एकाच गोष्टीत त्यांचं मन गेलं होतं, आणि ती मी उकळून ठेवली, हे कळल्यावर ते हेसुद्धा सोडून देतील आणि परत जिन्यातल्या मेंढ्यांपाशी जातील, ही भीती होती.

मी सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. मग छाती वरखाली झाली, ती रागाने की दमाने हे मला कळेना. शेवटी म्हणाले, "हळद… कशाला?"

"जंतुनाशक असते."

"मीठ?"

"सवयीने."

त्यांचे खांदे हलायला लागले. मी घाबरून चिमटा आणायला धावले. चिमटा बोटाला लावला तेव्हा कळलं की ते हसतायत. आकडा त्र्याण्णव होता. हसण्यात किती आकडे खर्च होतात ते मामाने कधी सांगितलं नव्हतं.

शेडच्या उघड्या दारात खुर्ची टाकून आजोबांना बसवलं. शेजाऱ्यांनी मेणाची कडी ओठांच्या मापाने दाबून दिली आणि लांब सरकले. त्यांनी सांगितलं, जोर लावायचा नाही, ओठ सैल सोडायचे, घोडा फुरफुरतो तसं करायचं. मी वाजवत नाही, मी फक्त फुंकतो, असंही म्हणाले. वाजवणारे लोक वेगळे, त्यांच्याकडे याच्याबरोबर गाणं असतं, नाच असतो, ठरलेली वेळ असते. आपण श्वास मागायला आलोय, तेवढं मागावं.

पहिल्या दिवशी नुसती हवा गेली. दुसऱ्या दिवशी असा आवाज आला, की मामीने वरची खिडकी उघडून विचारलं, पाणी तुंबलंय का. चौथ्या दिवशी तो आला.

तो कसा होता ते लिहिणं अवघड आहे. तो कानाआधी खुर्चीला लागला. शेडच्या कपाटातले खिळे डब्यात किणकिणले. जड, खर्जातला, एकाच जागी उभा राहिलेला, पण आत सारखा काहीतरी हलणारा आवाज. तुम्ही पाठवलेल्या व्हिडिओत त्या बनवणाऱ्या आजोबांनी काढलेला आवाज मी मोबाईलवर लावून पाहिला. आमचा थोडा घोगरा होता, पण होता त्याच झाडाचा. तीन सेकंद टिकला. मग आजोबा मांडीवर हात ठेवून वाकून बसले आणि शेजारी आकाशाकडे बघत हवामानाबद्दल बोलले. लोक धापा टाकत असले की इथे हवामानाबद्दल बोलतात. चांगली पद्धत आहे.

आवाज न तोडता श्वास घ्यायचा, तर गालात हवा साठवायची, ती गालांनी ढकलायची आणि त्याच क्षणी नाकाने नवीन ओढायची. आपले सनईवाले हेच करतात. त्याची तयारी पेल्यात पाणी घेऊन स्ट्रॉने करतात, बुडबुडे थांबू द्यायचे नाहीत. त्यामुळे महिनाभर आमच्या जेवणाच्या टेबलावर बुडबुडे निघत होते. दुधात बुडबुडे काढले म्हणून मी तुमच्या आईला दोनदा कोपऱ्यात उभं केलं होतं. आता मी स्वतः पेला भरून देत होते आणि म्हणत होते, "आणखी थोडे." तीन सेकंदांचे सात झाले, मग परत पाच झाले, मग एक आठवडा काहीच नाही, पाऊस आणि खोकला. तो आठवडा मी केळी पुसली नाहीत. कुणाच्या लक्षातही आलं नाही.

वाजवायला मी स्वतः कधी तोंड लावलं नाही. रिवाज मोडायचा माझा वाटा मी आधीच पुरा केला होता.

जूनमधल्या एका रविवारी तुमचा कॉल आला, तेव्हा आजोबा उठले नाहीत. मी फोन घेऊन "आजोबा अं—" एवढं म्हणाले आणि थांबले. त्यांनी हात पुढे केला. मी फोन फळीला टेकवून उभा केला आणि मागे सरकले. त्यांनी वाद्याचं टोक पायाच्या अंगठ्याशी ठेवलं आणि फुंकर घातली. अकरा सेकंद. मध्ये एकदा नाकाने घ्यायचा प्रयत्न केला, तो फसला आणि पन्हळ सुटल्यासारखा आवाज आला. तुम्ही दोघं हसलात. मग धाकट्याने विचारलं, "आजोबा, हाऊ कम त्याला दोरी बांधलीय?"

मी आत निघाले होते. पण त्यांनी सांगायला सुरुवात केली. पार्सल आलं तिथपासून. पोस्टमन, पोर्च, टॉर्च, पातेलं. मी दाराच्या आड उभी राहून त्यांच्या थांबण्याकडे कान लावले होते, गेले पाच महिने लावत होते तसे. ते थांबले, पण जिथे गोष्ट सांगणारा थांबतो तिथे. हॉट प्रेस समजावून सांगताना वाक्य इतकं लांबलं, की मला वाटलं आता तुटणार, पण ते कुठून तरी हवा घेऊन पुढे गेले, टाकीचं आकारमान आणि तापमान सांगून झालं आणि मग क्रियापद आलं.

तुम्ही विचारलंत, "आजीने खरंच त्याची आमटी केली?" आणि ते म्हणाले, "फोडणीसकट, हिंग घातला होता."

मी तेव्हा मध्ये बोलले नाही. बोलले असते तर ते थांबले असते. पण लेखी राहायला हवं म्हणून इथे नोंदवते, की पाण्यात मीठ होतं आणि हळद होती. हिंग नव्हता.